चौथा परिसर

४ मे

शेवटी माझी आठवण झाली त्यांना.

कुलसचिवांनी आज खोलीत बोलावून घेतलं. कुलसचिव म्हणजे माझे मेहुणे, बायकोचे थोरले भाऊ. कचेरीत मी त्यांना साहेब म्हणतो आणि तेही मला ‘या प्राध्यापक’ म्हणतात, जणू आम्ही एका टेबलावर कधी जेवलोच नाही. विद्यापीठाची नवी, देखणी परिचयपुस्तिका काढायची कुलगुरूंच्या मनात आहे. चारही परिसरांची. ती मी लिहायची. आणि ती लिहिता लिहिता चौथ्या परिसराचा संचालक म्हणून कारभारही बघायचा.

“तिथे शिस्त लावणारा माणूस हवाय,” साहेब म्हणाले. “लोकांची मर्जी सांभाळत बसणारा नको.”

म्हटलं, लोकांची मर्जी मला उभ्या जन्मात सांभाळता आलेली नाही.

“म्हणूनच,” म्हणाले आणि हसले. या माणसाला माझी पारख आहे हे मला आज कळलं.

घरी सांगितलं तेव्हा ही भाजी चिरत होती, चिरतच राहिली. “दादाने स्वतःहून दिलं?” एवढंच विचारलं. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यापासून हिला दुसऱ्याचं बरं झालेलं फारसं रुचत नाही. विभागात पेढे वाटावेत असं एकही तोंड नाही, तेव्हा तोही प्रश्न मिटला.

११ मे

पुस्तिकेसाठी तिन्ही परिसर पाहून झाले.

पहिला आमचाच. खांब, जिने, कारंजं. कारंजं कुलगुरू येतात त्या वेळीच उडतं. ग्रंथालयात पुस्तकांपेक्षा झोपलेली मुलं जास्त. दुसरा वैद्यकाचा. तिथला प्रत्येक जण आपण उद्या माणसाला अमर करणार असल्यासारखा चालतो, आणि लिफ्ट मात्र बंद. तिसरा तंत्रज्ञानाचा, नदीकाठी. सगळ्या भिंती काचेच्या. आत बसलेले लोक काम करताहेत की करत नाहीत हे बाहेरून स्पष्ट दिसतं. करत नव्हते.

मी लिहिलं: ‘ज्ञानाच्या या तीन तेजस्वी दालनांतून उद्याचा समाज घडतो आहे.’ वाक्य चांगलं जमलंय. खोटं आहे, पण जमलंय.

२ जून

आलो एकदाचा. मोठा रस्ता सोडल्यावर खडी, खडी सोडल्यावर धूळ, आणि धूळ संपते तिथे चौथा परिसर. बैठ्या इमारती, पत्र्याच्या लांबच लांब शेड, कुंपणापलीकडे उघडी टेकाडं आणि दिवसभर वारा. पशुविज्ञान, वनस्पतिशास्त्र, मृदाशास्त्र असे विभाग. विद्यार्थी तुरळक, शिक्षक त्याहून तुरळक. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरलेल्या नाहीत, त्यामुळे एकेक जण तीन तीन विषय शिकवतो आणि तिप्पट तोंड वाकडं करतो.

स्वागताला कुणी नाही. माझ्या खोलीची किल्ली सापडेना. ती सापडली तर दारावर मागच्या संचालकाची पाटी. काढा म्हटलं तर शिपाई म्हणाला, “स्क्रू गंजलेत. नव्या पाटीचं कशाला करता, साहेब?” मी विचारलं, कशाला म्हणजे? तो स्क्रू बघत राहिला.

दुपारी बैठक घेतली. सगळे भिंतीला टेकून उभे राहिले, खुर्च्या रिकाम्या. पुढे एक बाई, पन्नाशीच्या पुढच्या, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेल्या. बुटांवर होता तो चिखल नव्हता, चिखल मला परवडला असता. नाव-विभाग विचारला, तर त्यांनीच मला विचारलं, “कधीपर्यंत आहात?”

म्हटलं, कामाला लागायच्या आधीच माझ्या जाण्याची घाई?

“तुमच्या नाही,” म्हणाल्या आणि निघून गेल्या. मेंढ्यांवर संशोधन करतात म्हणे. संगतीचा परिणाम.

९ जून

प्रत्येक विभागाने आपल्या कामाचं एक पान लिहून द्यावं असा आदेश काढला. वनस्पतिशास्त्रवाल्याने, जो शिक्षक संघटनेचा चिटणीसही आहे आणि ज्याला मी मनात दाढीवाला म्हणतो, मागच्या संचालकाला दिलेलंच पान तारीख खोडून दिलं. मेंढ्यांच्या बाईंनी एक ओळ पाठवली: ‘शेडमध्ये येऊन बघा.’

मी मेंढ्या बघायला? संचालक आहे मी, लांडगा नव्हे.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे पुस्तिकेत कसं लिहावं?

१७ जून

गेलो शेवटी. पुस्तिकेसाठी गेलो, हे आधी स्पष्ट करतो.

शेडमध्ये शिरल्याबरोबर एका मेंढ्याने मला मागून असं काही ढकललं की मी चारा टाकायच्या गव्हाणीवर पडलो. बाई म्हणाल्या, “त्याला पाठ दाखवायची नाही.” लागलं का, असं विचारायची पद्धत इथे नसावी.

त्यांचं काम त्यांनी उभ्या उभ्या, माझ्याकडे न बघता सांगितलं. मेंढ्यांच्या पोटात जंत होतात आणि कळपच्या कळप मरतात. सगळे औषध पाजतात. जंत औषधाला सरावतात, मग आणखी जालीम औषध, आणि मग तेही चालेनासं होतं. बाईंच्या गुरूंच्या गुरूंनी ठरवलं की या कळपाला औषध पाजायचंच नाही. जगतील त्यांची कोकरं वाढवायची, त्यांतून पुन्हा जगतील त्यांची. बाहेरचं एकही जनावर आत घ्यायचं नाही. असा पिढ्यान्‌पिढ्या चाललेला हा कळप. आता यांना जंत होतात, पण मारत नाहीत.

“सुरुवातीला किती मेल्या असतील,” मी म्हटलं.

“ढीग,” त्या म्हणाल्या. “गुरुजी रडायचे म्हणतात. तरी औषध पाजलं नाही.”

मी विचारलं, यातून पेटंट किती मिळाली? त्या पहिल्यांदाच माझ्याकडे वळल्या. आसपासचे मेंढपाळ इथले नर पैदाशीला नेतात, म्हणाल्या. त्यांच्या कळपांतली मर कमी झालीय. ते पेटंट.

उर्मट बाई. पण हे ढोंग नव्हे, एवढं मलाही कळतं. रात्रभर कंबर दुखणार.

१ जुलै

साहेबांचा फोन. या वर्षी चौथ्या परिसरातले पहिल्या वर्षाचे प्रवेश मुख्य परिसरात वळवावेत, म्हणजे मुलांना चांगल्या सोयी मिळतील, तात्पुरतंच आहे, अशी शिफारस संचालकांकडून आलेली बरी. मला पटलं. इथली प्रयोगशाळा म्हणजे चार नळ आणि त्यांतल्या एकाला पाणी. शिफारस पाठवली. भाषा कडक ठेवली. साहेब म्हणाले, इतकं नेमकं दुसऱ्या कुणाला लिहिता आलं नसतं.

इथे बातमी फुटल्यावर दाढीवाला खोलीत आला. बसा म्हटलं तरी बसला नाही. “स्वतःच्या हाताने लिहिलंत?” विचारलं. म्हटलं, मग काय पायाने लिहू? तो गेला आणि पाठोपाठ माझा चहा आला तो गार.

२० जुलै

आज मोजणीवाले आले. तिघे, तिपाई आणि दुर्बीण घेऊन. मुख्य परिसराने पाठवलेले. मी साहेबांना सभागृह हवं म्हणून लिहिलं होतं, त्याची इतक्या लवकर दखल घेतली गेली. बाकीचे विभागप्रमुख वर्षानुवर्षं अर्ज करत बसतात. मी त्यांना स्वतः हिंडून सगळं दाखवलं, चहा पाजला. सभागृह कुठे बसेल विचारलं तर त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला, “आम्ही फक्त हद्द मोजतो, साहेब. पूर्ण.” शेडसुद्धा मोजल्या, टेकाडापर्यंत. दूरदृष्टी म्हणतात ती ही.

बाई कुंपणाशी उभ्या राहून बघत होत्या. मी हात हलवला. त्या थुंकल्या. तोंडात वाऱ्याने धूळ गेली असेल.

२१ जुलै

गाडीच्या दोन चाकांतली हवा गेलेली. पंक्चर नाही, काढलेली. आपल्या परिसरात सभागृह होतंय याचाही लोकांना त्रास.

६ ऑगस्ट

ही आली आहे. चार दिवस राहते म्हणते. सकाळी फिरायला म्हणून गेली ती जेवायच्या वेळी परतली, पायांत मेंढ्यांच्या बाईंचे जादाचे रबरी बूट. दोघींची एका सकाळीत गट्टी. बाई हिच्याशी बोलतात, हसतातसुद्धा म्हणे. मला संशय आहे की हिने माझ्या काही गोष्टी त्यांना सांगितल्या, कारण संध्याकाळी बाईंनी मला पहिल्यांदा कीव करावी तसं पाहिलं. त्यापेक्षा थुंकलेलं बरं.

८ ऑगस्ट

भांडण झालं.

जेवताना हिने पानावरून हात काढला आणि म्हणाली, “अहो, तुम्हाला इथे कुलूप लावायला पाठवलंय.”

मी म्हटलं, कसलं कुलूप?

“प्रवेश बंद. जागा भरत नाहीत. जमीन मोजून झाली. दादाला मी लहानपणापासून ओळखते. आईची आवडती फुलदाणी त्याने फोडली होती, तेव्हा तुकडे माझ्या हातात देऊन आईला हाक मारली होती.”

मी म्हटलं, तुझ्या भावावर तुझा विश्वास नाही, तुझ्या नवऱ्यावर तर कधीच नव्हता, आणि दोन सकाळी भेटलेल्या मेंढपाळणीवर आहे. ती म्हणाली, नवऱ्यावर विश्वास आहे, त्याच्या अकलेवर नाही. मग मी काही बोललो ते लिहीत नाही.

ती एक दिवस आधीच गेली. स्टेशनवर सोडतो म्हटलं तर म्हणाली, दाढीवाले सोडताहेत. सगळ्या परिसरात हिला एकाही माणसाशी वैर नाही. हे कसं जमतं?

३० ऑगस्ट

लिहावंसं काही नाही. कुणी बोलत नाही. मी खोलीत शिरलो की संभाषण संपतं, बाहेर पडलो की सुरू होतं. चौथ्या परिसराचं प्रकरण लिहून पाठवलं. इतर तिन्हींपेक्षा ते चांगलं उतरलंय, कारण त्यात एक वाक्य खरं आहे: ‘येथे माणसे उत्तरासाठी तीन पिढ्या थांबू शकतात.’ ते मी खोडलं, पुन्हा लिहिलं, ठेवलं.

साहेबांकडून पोच नाही.

१८ सप्टेंबर

शहरात जाऊन आलो. आजच लिहायला हवं.

पुस्तिकेचं कच्चं छापील रूप बघायला गेलो होतो. तीन परिसर. माझी तेजस्वी दालनं जशीच्या तशी, कारंजं उडतानाचा फोटो. चौथं प्रकरण नाही. चुकून राहिलं असेल म्हणून साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी दार लावून घेतलं. मग मला प्राध्यापक न म्हणता घरी म्हणतात तसं ‘अहो पाहुणे’ म्हणाले, तेव्हाच समजायला हवं होतं.

वर्षअखेरीला चौथा परिसर बंद. जमिनीवर गोदामं होणार. निर्णय मी जायच्या आधीचाच.

मी विचारलं, मग मलाच का?

“तुमच्याइतकं मन लावून कुणी केलं नसतं,” ते म्हणाले. “आणि खरं सांगू? परिसर बंद झाला की लोक कुणावर तरी चिडणारच. तुमच्यावर आधीच चिडलेले असतात. त्यांना फार वळावं लागत नाही.”

हे त्यांनी चेष्टेने सांगितलं नाही. शाबासकीसारखं सांगितलं. पुढच्या वर्षी प्र-कुलगुरूपद रिकामं होतंय, तेही सांगितलं. आणि जाता जाता, मेंढ्यांची विल्हेवाट तेवढी या महिन्यात लावा, विल्हेवाटीचे पूर्ण अधिकार संचालकांना दिलेत, खाटकाचा ट्रक येईल, त्या बाई अडवतील तर पोलीस बोलवा.

मी “बरं” म्हणालो. तोंडातून तेच निघालं. जिन्यावर ओळखीचे दोघे भेटले, त्यांनाही मी बरं आहे म्हणालो.

घरी गेलो नाही. हिला तोंड कसं दाखवू? परस्पर इथे परतलो.

२० सप्टेंबर

प्र-कुलगुरू. मोठी खोली, कोपऱ्यावरची. मला ती आवडेल. लपवून काय करू? दोन दिवस मी त्या खोलीत मनाने फर्निचर लावतोय आणि मधेच माझे कान तापतात. ‘त्यांना फार वळावं लागत नाही.’ बळीचा बकरा निदान बांधून तरी नेतात. मी तर स्वतःच्या गळ्यात दोरी घालून, गाठ नीट बसली का ते त्यांनाच विचारत होतो.

इथल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. शिपायालासुद्धा. पाटीचं कशाला करता, साहेब.

२६ सप्टेंबर

ट्रक मंगळवारी येणार, असा निरोप आला.

मी उभ्या आयुष्यात लोकप्रशासन शिकवलं. विद्यापीठाचे नियम मला पाठ आहेत, आणि त्यामुळेच विभागात माझ्याशेजारी कुणी जेवायला बसत नाही. पैदाशीच्या कळपातली अतिरिक्त जनावरं परिसर-संचालक मेंढपाळांना देऊ शकतो. अतिरिक्त कुठली, ते संचालकाने ठरवायचं. आणि ज्या परिसरालाच पुढच्या वर्षी अस्तित्व नाही, त्यातलं कुठलं जनावर अतिरिक्त नाही? विल्हेवाटीचे पूर्ण अधिकार तर त्यांनीच दिलेत. फक्त जनावरं निरोगी असल्याचा दाखला विभागप्रमुखांनी, म्हणजे बाईंनी, सही करून द्यायला हवा.

म्हणून शेडमध्ये गेलो. या वेळी पाठ भिंतीला ठेवली. ट्रकचं सांगितलं, मग माझा विचार सांगितला. वाटलं होतं, बाई आता तरी दोन शब्द नीट बोलतील.

त्या म्हणाल्या, “नाही.”

मी म्हटलं, ऐकलंत ना नीट? जगतील त्या.

“जनावरं जगतील. कळप मरेल. इतकी वर्षं बाहेरचं रक्त आत येऊ दिलं नाही, आणि तुम्ही चार दिशांना वाटून टाकणार. उद्या कोणती कुणाची कळणार नाही. आम्ही कोर्टात जातोय.”

“कोर्ट कधी उघडणार?”

“सोमवारी अर्ज.”

“आणि ऐकणार कधी?”

एक मेंढी त्यांच्या बुटाला अंग घासत होती, तिला त्यांनी पायाने हळूच बाजूला केलं.

“हे तुम्ही आमच्यासाठी करत नाही आहात,” म्हणाल्या.

“नाही,” मी म्हटलं. “मला मूर्ख बनवलंय, त्याचा राग आहे. तुमच्या मेंढ्या मला आवडत नाहीत. वास येतो त्यांना.”

“चला, एक तरी खरं बोललात.” मग त्या शेडच्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या, प्रत्येक गव्हाणीवर हात ठेवत. सही करताना म्हणाल्या, “हे मी तुम्हाला माफ करणार नाही.”

माफी मागितली कुणी होती? पण मी हे मोठ्याने बोललो नाही. हल्ली काही गोष्टी मोठ्याने न बोलणं जमू लागलंय.

२८ सप्टेंबर

मेंढपाळ पहाटेपासून आले. कुणी टेकाडापलीकडून चालत, कुणी छकड्यातून, एक जण जुन्या टेम्पोतून. दाढीवाल्याने निरोप पोचवले होते. त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझ्या सहीचा आदेश दारावर लावला. बाई शेडच्या दाराशी उभ्या राहून प्रत्येक मेंढीच्या कानातला बिल्ला बघत आणि कुणाला कुठली द्यायची ते सांगत. एका आईची दोन कोकरं एकाच माणसाला देत नव्हत्या. का, ते त्यांनाच ठाऊक. प्रत्येकाला एकच ताकीद: “औषध पाजायचं नाही. मरायला टेकली तरी आधी मला बोलवायचं.” मेंढपाळ मान डोलवत. एका म्हाताऱ्याने विचारलं, “तुम्ही असणार का पण, बाई?” त्यावर त्या पुढच्या मेंढीचा कान बघू लागल्या.

मला ढकलणारा तो मेंढा कुणी घेईना, तापट म्हणून. शेवटी टेम्पोवाल्याने नेला. टेम्पोत चढवताना त्याने टेम्पोवाल्यालाही पाडलं. मला उगाच बरं वाटलं.

दुपारी शेड रिकामी झाली. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बाई आत एकट्याच झाडत बसल्या. झाडायला माणूस आहे, मी म्हटलं. “जा इथून,” म्हणाल्या. गेलो.

३० सप्टेंबर

ट्रक आला. चालकाने रिकामी शेड पाहिली, डोकं खाजवलं आणि चहा मिळेल का विचारलं. दिला. मग साहेबांचा फोन.

“काय केलंत हे?”

“विल्हेवाट लावली. पूर्ण अधिकार होते.”

“तुम्ही आमच्या घरातले म्हणून तुम्हाला पाठवलं.”

म्हटलं, बरोबर आहे, घरातली वस्तूच आधी पुढे करतात.

माझ्या आयुष्यातलं हे एकमेव वाक्य, जे वेळेवर सुचलं.

१९ ऑक्टोबर

निलंबन. चौकशी पूर्ण होईपर्यंत मुख्यालय, म्हणजे नेमणुकीचं ठिकाण, सोडायचं नाही, आणि माझं मुख्यालय चौथा परिसर. वा. ज्या जागेला ते कुलूप लावताहेत, तिच्यातच मला कोंडलंय. प्र-कुलगुरूपद मृदाशास्त्राच्या कुणाला तरी देणार म्हणे. मातीत गेलं, हे शब्दशः खरं.

हिचा फोन रोज येतो. ‘मी सांगितलं होतं’ असं ती अजून एकदाही म्हणाली नाही, त्याचीच मला धास्ती. हल्ली भावाकडेही जात नाही. गुडघा दुखतो म्हणते. शहरभर मात्र हिंडते.

८ नोव्हेंबर

मुलं गेली. शिक्षकांच्या बदल्या झाल्या. दाढीवाला आज गेला. सामान चढवून झाल्यावर खोलीपर्यंत आला आणि दारातून म्हणाला, “कोर्टाने अर्ज फेटाळला.” मी मान हलवली. तो हात पुढे करेल असं वाटलं, पण त्याने खिशात घातला. ठीक आहे. त्याच्या जागी मी असतो तर दारापर्यंतही आलो नसतो.

बाईंनी बदली घेतली नाही. रजा शिल्लक आहेत, त्या संपेपर्यंत इथेच राहणार म्हणतात. दोन इमारती सोडून त्यांचं घर. एवढ्या मोठ्या जागेत आता आम्ही दोघं आणि वारा, आणि वारा जास्त बोलतो.

२४ नोव्हेंबर

हिने फोनवर मधेच विचारलं, “गाडी चालू आहे ना तुमची?” म्हटलं, चालू आहे, जायला कुठे आहे? “बॅटरी उतरेल. रोज चालवत जा,” म्हणाली. हिला गाडीतलं कधीपासून कळायला लागलं?

२७ नोव्हेंबर

योगायोग बघा. बाई आज दारात येऊन उभ्या. विद्यापीठाने त्यांची जीप काढून घेतलीय. “टेकाडापलीकडच्या कळपांत जायचंय,” म्हणाल्या. “तुम्हाला काही काम नाही.” मी म्हटलं, हुद्द्याने मी अजून तुमचा वरिष्ठ आहे. त्या जाऊन गाडीत बसल्या.

परिसराची हद्द ओलांडणं म्हणजे मुख्यालय सोडणं होतं की नाही, यावर नियमात स्पष्टता नाही. मी नाही होत असं धरलं.

बूट पुसून बसा, सांगितलं. पुसले नाहीत.

५ डिसेंबर

तिसरी खेप. बाई वाटेत एक अक्षर बोलत नाहीत, फक्त डावीकडे, उजवीकडे, हळू, आंधळे आहात का. तिथे पोचल्यावर मात्र मेंढपाळांशी अर्धा अर्धा तास. आपल्या मेंढ्या शोधतात, डोळ्यांची पापणी उलटून आतला रंग बघतात (जंत वाढले की तो फिका पडतो म्हणे), तपासायला लेंड्या पिशवीत भरतात. त्या पिशव्या माझ्या गाडीत. सांगतात की मिसळलेल्या कळपात, खुल्या रानात, या मेंढ्या टिकतात की नाही हे आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. मला सांगितलं नाही, मेंढपाळाला सांगितलं. मी शेजारी होतो म्हणून ऐकलं.

मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बाई, विद्यापीठ उठून गेलं, तुम्ही हे कुणासाठी करताय? पण विचारलं कोण? आणि गाडीचा वास आता जायचा नाही.

१३ डिसेंबर

आज सकाळी म्हाताऱ्या मेंढपाळाकडे पोचलो तर एक मेंढी अडलेली. कोकरू आडवं आलं होतं. मेंढी बाईंच्याच कळपातली, औषध कधी न प्यालेल्या घराण्यातली. म्हातारा मला बाजूला करत होता, साहेब, कपडे खराब होतील. बाई गुडघ्यांवर बसल्या, बाही वर सारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “धरा हिला. डोकं. घट्ट.”

धरलं. मेंढीचं हृदय माझ्या मनगटावर धडधडत होतं. बाईंचा हात आत कोपरापर्यंत. त्या मला शिव्या देत होत्या, की मेंढीला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग एकदम सैल झालं आणि ओलं, पिवळट कोकरू गवतावर घसरलं. हललं नाही. बाईंनी त्याच्या नाकात काडी घातली, पाय धरून झुलवलं, छाती चोळली. मग मला म्हणाल्या, “तुमचा मफलर.” हा मफलर लोकरीचा, हिने विणलेला. दिला. त्यात गुंडाळून त्यांनी ते माझ्याच मांडीवर टाकलं आणि चोळा म्हणाल्या. चोळलं. किती वेळ, माहीत नाही. ते शिंकलं.

म्हातारा हसला. बाई मेंढीकडे वळल्या. मला कुणी काही म्हणालं नाही.

परतल्यावर त्या माझ्या घरासमोर उतरल्या, दार आपटून लावलं, आणि खिडकीतून वाकून म्हणाल्या, “मंगळवारी दूर जायचंय. डबा दोघांचा आणते. उशीर करू नका.”

म्हणजे बघा. आभार नाही, मफलरबद्दल एक शब्द नाही, आणि वर हुकूम. मी काय यांचा ड्रायव्हर आहे? चौकशी चालू असलेला प्राध्यापक आहे मी. साफ सांगणार होतो, पण त्या निघून गेल्या होत्या.

उद्या चाकांत हवा भरून घ्यायला हवी. त्या रस्त्याला खडी फार आहे.